मैत्रीण ऐनवेळी दुसरीकडे जाते तेव्हा

चाँदरातीला दोघींनी मिळून बांगड्या घ्यायला जायचे ठरलेले असते. मगरिबनंतर एक जण तयार होऊन बसते आणि फोनवर निरोप येतो, "आज नाही जमणार गं, घरी काम आहे." तासाभराने त्याच मैत्रिणीच्या स्टेटसवर मेंदी लावलेले चार हात दिसतात. दोन तिचे, दोन दुसऱ्याच कोणाचे.

आठवी-नववीच्या वर्गांना शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला हे नवे नाही. ईदची सुट्टी संपून शाळा भरली की बाकांवरच्या काही जोड्या बदललेल्या दिसतात. काल-परवापर्यंत एका डब्यात जेवणाऱ्या मुली एकमेकींकडे पाठ करून बसतात. पण हा केवळ शाळकरी मुलींचा विषय नाही. वसतिगृहातल्या, नोकरी करणाऱ्या, दोन-तीन मुलांची आई झालेल्या भगिनींनाही हाच अनुभव येतो. पुरुषांनाही येतो. "टांग दिली त्याने" असे म्हणून ते हसण्यावारी नेतात, पण पुढच्या वेळी त्या मित्राला हाक मारत नाहीत.

घरातली मोठी माणसे म्हणतात, "एवढं काय त्यात? उद्या जा." बाब लहान आहे हे खरे. मात्र अशाच लहान बाबींवरून पंधरा-वीस वर्षांच्या मैत्र्या विरून जातात. भांडण होत नाही, तक्रार होत नाही, त्यामुळे समेटही होत नाही. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करू.

दुखते ते नेमके काय?

बेत मोडला म्हणून माणूस दुखावतोच असे नाही. मैत्रिणीच्या मुलाला ताप आला, सासरी अचानक पाहुणे आले, नात्यात मयत झाली, तर आपल्याला राग येत नाही. उलट आपणच विचारतो, "काही लागलं तर सांग." मनाला लागते ते कारण वेगळे असते. ठरलेली वेळ माझी होती आणि ती दुसऱ्या कोणाला दिली गेली. दोघींपैकी एकीला निवडायची वेळ आली तेव्हा मी मागे पडले. त्यातच कारण खोटे सांगितले गेले असेल तर मागे पडण्यासोबत फसवले गेल्याचीही भावना येते.

गृहिणींच्या बाबतीत या दुखण्याला आणखी एक पदर आहे आणि त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. रविवारच्या दुपारी मैत्रिणीसोबत दोन तास घालवायचे तर आपल्याकडच्या एखाद्या बाईला काय काय करावे लागते? सालन आदल्या रात्री शिजवून ठेवायचे. चपात्या सकाळीच उरकायच्या. धाकट्याला नणंदेकडे सोपवायचे. सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ मुलीला समजावून सांगायची. आणि पतीच्या कानावर आठवडाभर आधी घालून ठेवायचे. एवढे करून बुरखा चढवेपर्यंत निरोप येतो की आज नको. मग घरात प्रत्येकाला सांगावे लागते, ती येणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायला जावे तर उत्तर तयार असते, "मागच्या वेळी तरी कुठे आली होती ती?"

बेत मोडणारीच्या हिशेबात फक्त दोन तास इकडचे तिकडे झालेले असतात. जिचा बेत मोडला तिची मात्र घरातली पत कमी झालेली असते.

माझ्या परिचयातील एका भगिनीची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. ती आणि तिची मैत्रीण डी.एड.ला एका वर्गात होत्या. लग्नानंतर योगायोगाने दोघी एकाच शहरात आल्या. महिन्याचा दुसरा रविवार दोघींनी आपला म्हणून ठरवून टाकला होता. कधी बाग, कधी बाजार, कधी नुसता चहा. सहा-सात वर्षे हे सुरळीत चालले. मग मैत्रिणीने नव्या इमारतीत घर घेतले. समोरच्या फ्लॅटमधील बाईंचे पती तिच्या पतीच्याच कार्यालयात वरच्या पदावर होते. त्या बाई ऐनवेळी दार ठोठावून म्हणायच्या, "चला, आज माझ्यासोबत." आणि दुसरा रविवार रद्द व्हायचा. असे तीनदा झाले. चौथ्या महिन्यात या भगिनीने बेत आखलाच नाही. ती मला म्हणाली, "मी घरी विचारणंच सोडून दिलं. ती येईल याची खात्री नसेल तर कशाला तोंड उघडायचं?"

यात मैत्रिणीइतकेच आणखी काहीतरी हातचे जात होते. महिन्यातले स्वतःचे म्हणावे असे दोन तास जात होते. हे त्या मैत्रिणीला कोणी सांगितलेच नव्हते.

आधी कारण ओळखा

कुरआनने सूरह हुजुरातमध्ये फार संशय घेण्यापासून सावध केले आहे. त्यामुळे मैत्रिणीविषयी मत बनवण्याआधी कारण शोधणे हे आपले पहिले काम. साधारणपणे चार कारणे आढळतात.

पहिले कारण मजबुरीचे. समोरच्या फ्लॅटमधील बाईंना नाही म्हटले तर पतीच्या नोकरीवर परिणाम होईल, अशी भीती असते. नणंदेला नाही म्हटले तर घरात आठवडाभर अबोला. अशा वेळी बाई ज्या नात्यात सर्वांत सुरक्षित आहे तिथलाच बेत मोडते, कारण तिथे माफी मिळेल याची तिला खात्री असते. 'घर की मुर्गी दाल बराबर' ही म्हण इथे लागू पडते. पण या वागण्यात एक प्रकारचा भरवसाही असतो, हे विसरता येत नाही.

दुसरे कारण भिडेचे. काहींना कोणालाच 'नाही' म्हणता येत नाही. सोमवारी तुम्हाला 'हो' म्हणतात, बुधवारी दुसरीला 'हो' म्हणतात आणि शनिवारी जी जास्त आग्रह करते तिच्यासोबत जातात. यात तुमच्याविषयी आकस नसतो. त्यांना दोन्ही 'हो' एकाच वेळचे आहेत हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तिसरे कारण नव्या मैत्रीचे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीनुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक. संसारी बाईने हे तास आणायचे कुठून? घरकामातून ते निघत नाहीत. ते जुन्या मैत्रिणीच्या वाट्यातूनच निघतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे म्हणणे असे की माणसाच्या सर्वांत आतल्या वर्तुळात साधारण पाचच माणसे मावतात. नवीन कोणी आत आले की कोणाला तरी थोडे सरकावे लागते. मैत्रिणीचे लग्न होते तेव्हा आपण हे पाहतोच आणि समजूनही घेतो. नव्या मैत्रिणीच्या बाबतीत समजून घेणे जड जाते.

चौथे कारण सोयीचे. जिथे गाडी आहे, मौज आहे, फोटो चांगले येतात, तिकडे जायचे. आणि तसे काही नसेल त्या दिवशी तुमच्याकडे यायचे. हे कारण खरे असेल तर ती मैत्री किती खोल आहे याचा फेरविचार करायला हरकत नाही.

या चारांपैकी कोणते, हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. बेत मोडताना तिने स्वतः फोन केला की नुसता मेसेज टाकला? खरे कारण सांगितले का? नवा दिवस तिने सुचवला की तो तुम्हालाच विचारावा लागला? तुमच्या अडचणीच्या वेळी ती धावून येते का? आणि हे एकदा घडले की तिसऱ्यांदा? एकदा घडलेल्या गोष्टीवरून माणूस ओळखता येत नाही. तिसऱ्यांदा घडले तर बोलायची वेळ झाली असे समजावे.

'इन्शाअल्लाह' म्हणजे 'बघू' नव्हे

भेटीचा बेत हासुद्धा एक वादाच आहे. सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत दिलेला शब्द पाळण्याची आज्ञा आहे आणि त्या शब्दाबद्दल विचारणा होणार असेही बजावले आहे. तिथे मोठ्या कराराला एक नियम आणि लहान शब्दाला दुसरा असा भेद केलेला नाही.

बद्रच्या लढाईच्या वेळची एक घटना सहीह मुस्लिममध्ये आली आहे. हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडवले आणि प्रेषितांच्या बाजूने लढणार नाही असे वचन घेऊनच सोडले. हिजरी सन २ चा तो काळ. मुसलमान तीनशेच्या थोडे वर, तर समोर हजाराच्या आसपास सैन्य. एकेक माणूस मोलाचा होता. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोघांना परत पाठवले आणि दिलेले वचन पाळायला सांगितले. वचन शत्रूला दिलेले होते, तेही अडवले गेल्यावर. मग जिवलग मैत्रिणीला राजीखुशीने दिलेल्या शब्दाचे मोल किती असावे?

निमंत्रणांबाबतही आपल्याकडे एक दंडक आहे. दोघांनी एकाच वेळी बोलावले तर ज्याचे दार जवळ त्याच्याकडे जावे आणि एकाने आधी बोलावले असेल तर आधीच्याचे स्वीकारावे, अशा अर्थाची एक रिवायत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीला काही विद्वानांनी कमजोर म्हटले आहे. पण रोजच्या व्यवहारात हा नियम किती उपयोगी आहे पाहा. कोण जास्त श्रीमंत, कोण जास्त जवळची, कोणाकडे बिर्याणी चांगली, असली तुलनाच करावी लागत नाही. आधी कोणाला 'हो' म्हटले एवढेच पाहायचे.

आता 'इन्शाअल्लाह'बद्दल. सूरह कहफमध्ये उद्याच्या कामाविषयी बोलताना अल्लाहच्या इच्छेची आठवण ठेवायला शिकवले आहे. माझा इरादा पक्का आहे, पुढचे अल्लाहच्या हाती, असा त्याचा अर्थ. आपण मात्र यायचे नसेल तेव्हाही 'इन्शाअल्लाह' म्हणतो. मुलांना तर हे इतके कळलेले असते की "अम्मी इन्शाअल्लाह म्हणाली, म्हणजे नेणार नाही" असे ती आपसात बोलतात. हा शब्द पळवाट म्हणून वापरणे थांबवले तरी निम्म्या तक्रारी कमी होतील.

मात्र एक पथ्य पाळावे. वचनभंगाविषयीच्या हदीसा या स्वतःला तपासण्यासाठी आहेत. मैत्रिणीने बेत मोडला की त्या तिच्या स्टेटसखाली लिहून पाठवायच्या, याने दीनचीही सेवा होत नाही आणि मैत्रीचीही.

बोलायचे कसे?

बहुतेक जणी दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर काहीच न बोलता फुगून बसायचे. नाहीतर तिसऱ्या मैत्रिणीजवळ मन मोकळे करायचे, आणि ते शब्द मीठ-मसाला लावून मूळ मैत्रिणीपर्यंत पोहोचायचे. स्वतःच्या स्टेटसवर दगाबाज दोस्तांविषयी शेर टाकणे हा या दुसऱ्या मार्गाचाच नवा प्रकार. ज्या बाईला सांगायचे तिलाच सांगितले जात नाही.

बोलावे ते तिच्याशी, एकटीशी, समोरासमोर, आणि राग ओसरल्यावर. ज्या दिवशी बेत मोडला त्या रात्री मेसेज लिहू नये. दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. जिच्यासाठी बेत मोडला त्या बाईचे नाव चर्चेत आणू नये. तिला वाईट म्हटले की मैत्रीण तिची बाजू घेणार आणि मूळ विषय बाजूला राहणार.

वाक्य 'तू'ने सुरू करण्यापेक्षा 'मी' किंवा 'मला'ने सुरू करावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी आई-वडील आणि शिक्षकांना ही पद्धत शिकवली. वर्गात ती मी रोज वापरते. "तू नेहमीच अशी करतेस" म्हटले की समोरची मुलगी आपण तसे कधी कधी केले नाही, याची यादी वाचू लागते. "मी वाट पाहत बसले आणि मला वाईट वाटलं" म्हटले की तिच्याजवळ वाद घालायला काही उरत नाही.

वर ज्या भगिनीची हकिकत सांगितली, तिनेही शेवटी असेच केले. मैत्रिणीच्या घरी गेली, चहा झाल्यावर म्हणाली, "अगं, दुसऱ्या रविवारसाठी मी घरात आठवडाभर तयारी करते. तीनदा मला घरी सांगावं लागलं की तू येणार नाहीस. आता मला विचारायलाही लाज वाटते." मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला एवढं करावं लागतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मला वाटायचं, तू काय, कधीही भेटशील. त्या बाईंना नाही म्हणायची मला भीती वाटते."

म्हणजे इथे पहिले कारण होते, चौथे नव्हते. दोघींनी मार्गही काढला. रविवार सुटीचा, त्यामुळे शेजारणीचे बोलावणे त्याच दिवशी येई. त्यांनी भेट बुधवारी, मुले शाळेत असताना ठेवली, दोन तासांऐवजी एक तास. पहिल्यासारखे सगळे झाले असे नाही. बाग आणि बाजार सुटले, चहा राहिला. पण घरी पुन्हा विचारण्याची हिंमत तिला आली.

सांगूनही फरक पडला नाही तर

प्रत्येक वेळी असे उत्तर मिळेलच असे नाही. काही जणी हसून टाळतात, काही उलट तुम्हालाच संकुचित ठरवतात. अशा वेळी मैत्री तोडण्याची घाई नको आणि पहिल्यासारखे झिजत राहण्याचीही गरज नाही. त्या मैत्रिणीवर किती विसंबायचे, ते प्रमाण बदलावे.

जिथे तिच्या न येण्याने तुमचे मोठे नुकसान होईल असे काम तिच्यावर सोडू नये. दवाखान्यात सोबत, मुलीच्या प्रवेशासाठी जाणे, लग्नाची खरेदी, यासाठी दुसरी सोबत पाहावी. तिच्यासोबत असे बेत ठेवावेत की ती आली तर आनंद, नाही आली तर तुमचे काही अडत नाही. "बाजारात जाणार आहे, चार वाजता निघेन, यायचं तर ये" असे म्हणावे आणि चार वाजता खरोखर निघावे. तिसरी एखादी मैत्रीण बेतात सामील करून घ्यावी, म्हणजे एकीच्या नकाराने बेत मोडत नाही.

बदला म्हणून आपणही ऐनवेळी बेत मोडणे टाळावे. आपला शब्द तिच्या वागण्यावर अवलंबून नसावा. आणि सलाम बंद करू नये. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरणे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मना केले आहे आणि दोघांत जो आधी सलाम करतो त्याला उत्तम म्हटले आहे. सलाम चालू ठेवणे आणि पहिल्याइतके विसंबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्यावर जिम्मेदारी आहे, दुसरी नाही.

आयांसाठी थोडेसे

मुलगी रडत घरी आली की आई दोन गोष्टी हमखास करते. "सोड तिला, अशा छप्पन मिळतील" असे म्हणते, किंवा थेट दुसऱ्या मुलीच्या आईला फोन लावते. पहिल्याने मुलीला वाटते की आपले दुःख कोणाला कळलेच नाही. दुसऱ्याने दोन मुलींचे भांडण दोन घरांचे होते. चार दिवसांत मुली पुन्हा एका डब्यात जेवतात आणि आया मात्र शादीखान्यात एकमेकींकडे पाहत नाहीत.

त्याऐवजी मुलीला पूर्ण बोलू द्यावे. मग विचारावे, "तुला तिला काय सांगावंसं वाटतं?" ती जे सांगेल ते नीट शब्दांत मांडायला मदत करावी आणि बोलायचे काम तिच्यावरच सोपवावे. चौदाव्या वर्षी मैत्रिणीजवळ "मला वाईट वाटलं" एवढे सरळ म्हणता आले तर पुढे सासरी, नोकरीत, सगळीकडे ती विद्या उपयोगी पडते.

आणि स्वतःकडेही पाहावे. मुलीला शुक्रवारी बाजारात न्यायचे कबूल केले आणि ऐनवेळी फुफी आल्या म्हणून बेत रद्द केला, तर निदान तिच्यासमोर बसून कारण सांगावे आणि दुसरा दिवस ठरवावा. शब्द मोडल्यावर कसे वागायचे हे मूल घरातच पाहते.

आपल्यालाच बेत मोडावा लागला तर

अडचण कोणालाही येऊ शकते. तेव्हा चार गोष्टी कराव्यात. कळताच सांगावे, निघायच्या वेळेपर्यंत थांबू नये. मेसेजऐवजी फोन करावा. कारण खरे सांगावे. "भाभींना नाही म्हणता आलं नाही" हे ऐकायला कडू असले तरी स्टेटसवरून कळण्यापेक्षा बरे. आणि त्याच फोनवर नवा दिवस सुचवावा, मग तो दिवस काही झाले तरी मोडू नये.

दुसरे बोलावणे अधिक मोहाचे असेल तर उत्तर सोपे आहे: "आज मी शब्द दिला आहे, तुमच्याकडे पुढच्या वेळी नक्की येईन." हे ऐकून बहुधा कोणी रागावत नाही. उलट, ही बाई दिलेला शब्द पाळते, हे त्या दुसऱ्या घरालाही कळते.